चौकटीत न मावणारे नाव

औरंगाबाद हे नाव देवनागरीत 5 अक्षरांचे. छत्रपती संभाजीनगर 10 अक्षरांचे, शिवाय मधली मोकळी जागा वेगळीच. रोमन लिपीत फरक आणखी वाढतो: 10 अक्षरांच्या जागी मोकळ्या जागेसह 25. 2023 मध्ये आधी शहराचे आणि मग जिल्ह्याचे नाव अधिकृतरीत्या बदलले. त्यानंतर संगणकाच्या पडद्यावर जिथे जिथे गावाच्या नावासाठी मोजून चौकट आखलेली असेल, तिथे नुसता शब्द बदलून भागणार नव्हते. चौकट जुन्या मापाची असली की नवे नाव ‘छत्रपती संभा’पाशी तुटते. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या जगात काही वर्षांपासून एक वाद चालू आहे: पडदा चित्रासारखा आखून तयार करायचे साधन ठेवावे की काढून टाकावे? तसा हा वाद आपल्यापासून फार लांबचा. पण हे नाव हाताशी घेतले की तो आपल्याही घरचा होतो.

हे साधन म्हणजे काय, ते आधी पाहू. ॲप किंवा कार्यालयातला प्रोग्राम कोणी शून्यापासून लिहीत नाही. बटण, यादी, मजकुराची चौकट असे तयार भाग पुरवणारा एक सांगाडा असतो. त्याला फ्रेमवर्क म्हणतात. या सांगाड्याबरोबर पूर्वी चित्र-संपादक हमखास मिळायचा. डाव्या बाजूच्या पेटीतून बटण उचलायचे, माउसने ओढत कोऱ्या फॉर्मवर आणायचे, हवे तिथे सोडायचे. मायक्रोसॉफ्टने 1991 मध्ये व्हिज्युअल बेसिक आणले आणि ही पद्धत जगभर रुजली. सोडलेल्या प्रत्येक बटणामागे चार आकडे साठवले जात: डावीकडून किती, वरून किती, रुंदी किती, उंची किती. माप इतके बारीक की एका इंचाचे 1,440 भाग धरलेले. आखलेला फॉर्म डोळ्यांना जसा दिसे तसाच गिऱ्हाइकाच्या संगणकावर उमटे. पडदे जवळपास एकाच आकाराचे होते, तोवर यात कसलीच खोट नव्हती.

मराठीसाठी मात्र तो काळही सुखाचा नव्हता, आणि साधन गेल्याची हळहळ व्यक्त करताना हे सहसा कोणी सांगत नाही. 1998 च्या व्हिज्युअल बेसिक 6 मधली तयार लेबले युनिकोड दाखवत नसत. देवनागरीत ‘रक्कम’ असे लिहायचे तर श्री-लिपीसारखा फाँट निवडायचा आणि गुणधर्मांच्या रकान्यात रोमन अक्षरे व चिन्हे यांची अशी काही रांग टाकायची की त्या फाँटमध्ये ती ‘रक्कम’ दिसावी. ज्या संगणकावर तो फाँट नाही, तिथे गिऱ्हाइकाला ती निरर्थक रांगच दिसणार. शिवाय चौकटीची उंची इंग्रजी अक्षराच्या अंदाजाने ठेवलेली. त्यामुळे वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जायचे. ‘सेव्ह’चे ‘जतन करा’ झाले, ‘सबमिट’चे ‘सादर करा’ झाले, की बटण अपुरे पडायचे. हाताने आखलेली जागा एका भाषेच्या मापाची होती आणि ती भाषा मराठी नव्हती.

आता अँड्रॉइडचे पाहू. गूगलच्या अँड्रॉइड स्टुडिओत पडदा आखण्याचा संपादक आहे. जुन्या पद्धतीच्या ॲपसाठी तो अजूनही चालतो. पण जुलै 2021 मध्ये जेटपॅक कंपोज या नव्या सांगाड्याची पहिली स्थिर आवृत्ती आली, आणि तिच्यात ओढून-सोडून पडदा आखायची सोयच ठेवलेली नाही. पडदा शब्दांत लिहायचा आणि शेजारी त्याचा प्रिव्ह्यू पाहायचा. 2023 च्या फ्लेमिंगो आवृत्तीपासून नवा प्रकल्प उघडला की हीच पद्धत आधी पुढे येते. लिनक्सवरच्या जीटीके या सांगाड्याची चौथी आवृत्ती 2020 च्या अखेरीस आली. ग्लेड हा तिथला जुना चित्र-संपादक तिच्यासोबत चालत नाही. इतकेच काय, व्हिज्युअल बेसिकच्या जन्मदात्या मायक्रोसॉफ्टने 2022 मध्ये डॉट नेट माउई हा सांगाडा दिला, तोही ओढा-सोडा संपादकाविना. इतक्या जणांना एकाच वेळी आळस आला, असे मला वाटत नाही.

खरे कारण असे की पडदा आता एक चित्र राहिलेला नाही. वीजबिलाच्या यादीत आज 3 नोंदी असतील, उद्या 300, आणि नव्या ग्राहकाची यादी रिकामी. नेटवर्क गेले तर चौथेच काही दाखवायचे. लिहिलेल्या पडद्यात ‘नोंद असेल तर हे दाखव, नसेल तर ते’ असे सरळ सांगता येते. चित्र-संपादक यातली एकच स्थिती समोर ठेवतो आणि हलवलेली वस्तू त्या अटींमध्ये परत कशी लिहायची ते त्याला उमगत नाही. आपल्या शहराच्या हिमरू कापडाशी ताडून पाहा. तिथला नक्षीकार चौकटीच्या कागदावर एकेक घर भरत नक्षी मांडतो आणि ती चुकत नाही, कारण मागाची रुंदी आधीच ठरलेली असते. हातातल्या पडद्याला अशी रुंदी नाही. तो फोन असेल, आडवा धरलेला टॅब असेल किंवा घडीचा फोन असेल. वर अक्षरे मोठी करण्याची सोय आहे. अँड्रॉइड 14 मध्ये अक्षर दुप्पट करता येते. ज्यांची नजर कमी झाली आहे त्यांना ते मोठे अक्षर लागतेच. म्हणून नामांतर ही एकदाच घडणारी गोष्ट, तिच्यासाठी एवढा खटाटोप कशाला, हा आक्षेप टिकत नाही. नामांतराने एकदा जे केले ते मोठे अक्षर, लांब आडनाव आणि दुसरी भाषा रोज करतात.

यावर जाणकारांचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे. आकडे न साठवता नियम साठवणारा चित्र-संपादक करता आला नसता का? आला असता, आणि आलाही. 2016 मध्ये गूगलने कन्स्ट्रेंटलेआउट आणले ते यासाठीच: बटण सोडायचे आणि त्याच्या कडेपासून शेजाऱ्याच्या कडेपर्यंत बाण ओढून नाते जोडायचे. पण तिथे नवशिक्याची जी गत होते ती पाहण्यासारखी आहे. तो तीन बटणे नीट एकाखाली एक ठेवतो, संपादकात ती तशीच दिसतात. बाण जोडायचे राहून जातात. ॲप फोनवर चालवले की तिन्ही बटणे वरच्या डाव्या कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसतात. दिसते तसेच मिळते, या एका वचनावर चित्र-संपादक उभा होता, आणि नियम शिकताच ते वचन त्याला पाळता येईना. म्हणजे साधन काढून टाकले जाण्याआधीच त्याचा सोपेपणा संपला होता. उरले होते माउसने भरायचे नियम, आणि नियमच भरायचे तर ते लिहून वाचणे अधिक स्वच्छ. दोन जणांनी एकाच पडद्यावर काम केले तर कोणी काय बदलले तेही लिहिलेल्या ओळींत लगेच कळते.

तरीही या बदलात कोणाचे नुकसान झाले असेल तर ते शिकणाऱ्याचे, आणि ते मला लहान वाटत नाही. मराठी माध्यमातून दहावी करून पदविकेला आलेल्या मुलाला इंग्रजी शब्दांची भिंत पहिल्याच दिवशी लागते. राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या पदविका अभ्यासक्रमात व्हीबी डॉट नेटवर पडदे बनवण्याचा विषय होता. तिथे पहिल्या तासाला काहीतरी करून दाखवता यायचे. कोऱ्या पानावर ओळी लिहायला लावणारा सांगाडा ते समाधान उशिरा देतो. म्हणून माझे म्हणणे असे: सांगाड्यातून चित्र-संपादक गेला ते योग्यच, पण वर्गातून तो घाईने घालवू नये. शिकवण्यासाठी घडवलेली साधने वेगळी असतात. गूगलचे ॲप इन्व्हेंटर घ्या. कंपनीने 2011 च्या अखेरीस ते बंद केले, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने ते सांभाळायला घेतले, आणि ठोकळे जुळवत ॲप बनवायला ते आजही मोफत मिळते. तिथे महिनाभर हात बसला की मग लिहिलेल्या पडद्याकडे यावे.

आणि तिकडे आल्यावर पहिला धडा पत्ता भरण्याच्या फॉर्मचा असावा. कंपोजमध्ये एकाच पडद्याचे अनेक प्रिव्ह्यू शेजारी शेजारी मांडता येतात: एकाला भाषा मराठी सांगायची, एकाला इंग्रजी, तिसऱ्याला अक्षर दुप्पट. मजकूर कुठेही रुंदीचा आकडा न घालता लिहायचा. पहिल्यात शहराचे नाव एका ओळीत बसते, दुसऱ्यात पंचवीस जागांची रोमन अक्षरे आपली जागा करून घेतात, आणि तिसऱ्यात ‘छत्रपती’ वरच्या ओळीवर राहून ‘संभाजीनगर’ खाली उतरते, ‘जी’ची वेलांटी न कापता, खालचे बटण तेवढेच खाली सरकवून.