गुंडाचा सदरा

कोरपना हा चंद्रपूर जिल्ह्याच्या टोकाचा, तेलंगणाला खेटून असलेला तालुका. 1 एप्रिल 2015 पासून जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली, ती 2021 मध्ये उठली. मधल्या सहा वर्षांत दारू मात्र येत राहिली. ती कधी भाजीपाल्याखाली सापडली, कधी दुधाच्या कॅनमध्ये. आणणाऱ्यांच्या अंगावर ना आडव्या पट्ट्यांचा बनियन होता, ना गळ्यात रुमाल. रस्त्यावरच्या दहा माणसांत अकरावा म्हणून खपून जाईल असा साधा शर्ट आणि पँट, एवढाच त्यांचा वेश. आणि हीच माणसं किती घातक असू शकतात, ते नोव्हेंबर 2018 मध्ये नागभीडला दिसलं. तस्करांची गाडी अडवायला गेलेले पोलीस उपनिरीक्षक छत्रपती चिडे यांना त्याच गाडीखाली चिरडण्यात आलं. पडद्यावरचा गुंड पाहून ज्याची नजर तयार झाली आहे, त्याला हा माणूस ओळखताच येणार नाही. कारण सिनेमातला गुंड कपड्यांवरून ओळखू यावा म्हणून सजवलेला असतो, आणि खऱ्या गुंडाने काय घालायचं हे त्याचा धंदा ठरवतो.

सिनेमाला वेळ कमी असतो. माणूस पडद्यावर आला की तो कोण, हे दोन क्षणांत कळायला हवं. 1975 च्या ‘दीवार’मधला विजय आठवा. गोदीतला हमाल असताना निळा शर्ट, कमरेपाशी मारलेली गाठ, खांद्यावर दोरी, दंडावर 786 चा बिल्ला. ती गाठही ठरवून मारलेली नव्हती. शर्ट लांब शिवला गेला होता म्हणून ती बांधावी लागली, असं अमिताभ बच्चन यांनी स्वतः सांगितलं आहे. शिंप्याच्या चुकीतून आलेली ही गाठ पुढे देशभरातल्या तरुणांनी कमरेला मारली. विजय तस्कर झाल्यावर अंगावर सूट आला, आणि प्रेक्षकाला त्याची सगळी चढण कपड्यांतूनच समजली.

विजयची व्यक्तिरेखा ज्याच्यावर बेतली असं मानतात तो हाजी मस्तान खरोखर गोदीत हमाली करत मोठा झाला. पुढे त्याची ओळख झाली ती पांढऱ्याशुभ्र कपड्यांची आणि मर्सिडीजची. इथे कुणी म्हणेल, तस्कराला लपायचं असतं तर मस्तान एवढा उठून का दिसत होता? उत्तर गोदीतच आहे. पेट्या उचलणारी माणसं हमालांच्याच वेशात होती, आणि पांढरा पोशाख घालणारा पेट्यांना हात लावत नव्हता. त्याला समाजात मान हवा होता. आपल्याकडे पांढरा रंग पुढाऱ्याचा, शेठजीचा, हात न मळणाऱ्याचा. अरुण गवळीचंही तेच. गिरणगावातल्या टोळीचा म्होरक्या राजकारणात आला तो पांढरे कपडे आणि पांढरी टोपी घालून, आणि 2004 मध्ये आमदार झाला. 2012 मध्ये नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांच्या खुनाबद्दल त्याला जन्मठेप झाली. ज्या टोपीशी खेड्यातला म्हातारा शेतकरी आणि स्वातंत्र्यसैनिक जोडलेला होता, तिचा असा उपयोग व्हावा याची चीड यायला हवी.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. पुण्यामुंबईकडचे कित्येक दादा सोन्याच्या जाड साखळ्या घालून उघड फिरतात, मग सिनेमा खोटा कसा? तो खोटा नाहीच, पण अर्धा आहे. खंडणी घेणाऱ्याला चेहरा लागतो. दुकानदाराने त्याला पाहूनच पैसे काढून द्यावेत, रोज हात उचलावा लागू नये, म्हणून त्याची साखळी आणि गॉगल त्याच्या वतीने बोलतात. ‘वास्तव’ (1999) किंवा ‘मुळशी पॅटर्न’ (2018) या जगाबद्दल बोलतात. माल वाहणाऱ्याला मात्र चेहरा नकोच असतो. चंद्रपूर-गडचिरोलीत दारू, रेती आणि कोळसा हे चोरट्या मालाचे धंदे, आणि माल रात्री गुपचूप पार व्हावा यातच नफा. आपले सिनेमे खंडणीवाल्याचे आहेत, आपल्या भागातला गुन्हा वाहतूकदाराचा आहे.

परदेशातही हीच विभागणी दिसते. शिकागोच्या अल कपोनला सुटांचा भारी शौक. 1931 मध्ये करचुकवेगिरीच्या खटल्यात कपड्यांच्या दुकानांतले लोक त्याच्याविरुद्ध साक्षीला आले. जाहीर उत्पन्न नसलेला माणूस इतके सूट आणि रेशमी अंतर्वस्त्रं कशी घेतो, हा सरकारचा प्रश्न होता. त्याला 11 वर्षांची शिक्षा झाली. न्यूयॉर्कचा माफिया म्होरक्या व्हिन्सेंट जिगांती मात्र वर्षानुवर्षं घरच्या झग्यात, पायात सपाता घालून रस्त्याने पुटपुटत फिरत असे. ते वेडाचं सोंग होतं, हे त्याने 2003 मध्ये न्यायालयात कबूल केलं.

कपड्यांवरून माणूस ओळखण्याची ही सवय निरुपद्रवी असती तर एवढं लिहायची गरज नव्हती. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच माणसांना गुन्हेगार ठरवलं आणि 1952 पर्यंत तो चालला. मळकं धोतर, विटकं लुगडं, गावाबाहेरचं पाल, एवढ्यावर पारध्यांकडे संशयाने पाहिलं गेलं, आणि कायदा गेल्यावरही ती नजर गेली नाही. गावात चोरी झाली की पहिली झडती पालाची होते. त्याच वेळी इस्त्रीचा शर्ट घातलेल्या माणसाची गाडी नाक्यावरून सहज निघून जाते. मराठी दिग्दर्शकांना विनंती आहे, की या सरहद्दीवरच्या तस्कराचा सिनेमा करा आणि त्याला साधा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घाला. आणि वाचकहो, पुढच्या वेळी गावात चोरी झाली, की पालाकडे बोट दाखवण्याआधी रात्री रस्त्याने कोणाच्या गाड्या जातात ते विचारा.