पार्श्वचित्राचे माप आणि पडद्यांची विविधता

संकेतस्थळावरील मजकूर ज्या चित्रावर उमटतो, त्या पार्श्वचित्राच्या मापाचा विचार आपण येथे करणार आहोत. छापील पानाची रुंदी ठरलेली असते, पडद्याची नसते. म्हणूनच ‘योग्य माप कोणते?’ या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही.

पडद्यावरील चित्र पिक्सेल नावाच्या सूक्ष्म बिंदूंचे बनलेले असते. संगणकाचा पडदा बहुधा आडवा असतो; उदाहरणार्थ, १९२० × १०८० पिक्सेल. मोबाइलचा पडदा उभा असतो आणि संकेतस्थळाच्या मोजणीनुसार तो ३६० × ८०० असू शकतो. चित्र पडद्यावर बसवण्यासाठी सीएसएसमध्ये दोन प्रमुख पर्याय आहेत. ‘कव्हर’ संपूर्ण पडदा व्यापते, परंतु कडा कापते. ‘कंटेन’ चित्र पूर्ण दाखवते, परंतु रिकामी जागा सोडते.

एक उदाहरण घेऊ. एका ग्रंथालयाने १९२० × १०८० मापाच्या चित्रातच डाव्या कडेला आपले नाव लिहिले. ‘कव्हर’ वापरून हे चित्र वरील मोबाइलवर मध्यभागी बसवले, तर त्याची उंची ८०० आणि रुंदी सुमारे १४२२ होईल. प्रत्यक्षात दिसेल ती ३६० रुंदी, म्हणजे जेमतेम चौथा हिस्सा. ग्रंथालयाचे नावच नाहीसे होईल! अंध वाचकाचे वाचक-सॉफ्टवेअरही पार्श्वचित्रातील अक्षरे वाचत नाही.

यावरून पुढील सूत्रे हाती येतात :

१. आडव्या पडद्यासाठी १९२० × १०८० आणि उभ्या पडद्यासाठी १०८० × २४०० अशी दोन चित्रे करावीत. मोबाइलच्या ३६० एककांत अनेकदा १०८० प्रत्यक्ष बिंदू सामावलेले असतात.

२. कॅमेऱ्यातील ४००० × ३००० मापाचे चित्र तसेच चढवू नये. त्यात पहिल्या चित्राच्या जवळजवळ सहापट बिंदू असतात. त्याचा भार वाचकाच्या डेटावर पडतो.

३. मजकूर युनिकोडमध्ये स्वतंत्र ठेवावा. मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरे स्पष्ट दिसावीत, यासाठी अक्षरे व पार्श्वभूमी यांतील उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे.

सारांश, पार्श्वचित्र हे मजकुराचे आसन आहे. त्याने मजकुराची जागा घेऊ नये.

आपली प्रगती तपासा : वरील ग्रंथालयाने ‘कंटेन’ हा पर्याय निवडला असता, तर मोबाइलवर चित्राची उंची किती राहिली असती?