शस्त्रक्रियोत्तर पित्त व स्वादुपिंडरसाची गळती : एंडोस्कोपीद्वारे निचरा

भारतात दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. आज ही शस्त्रक्रिया जिल्ह्याच्या ठिकाणीही होते व रुग्ण एक-दोन दिवसांत घरी परततो. परंतु पित्ताची गळती बहुधा पहिल्या आठवड्यात, म्हणजे रुग्ण घरी पोहोचल्यानंतर, प्रकट होते. धुळे-सोलापूर महामार्गावरील वडीगोद्रीसारख्या (ता. अंबड, जि. जालना) गावात पोटफुगी, उजव्या बरगडीखालील वेदना, ताप ही लक्षणे 'ऑपरेशननंतर एवढे चालायचेच' म्हणून अंगावर काढली जाण्याचा संभव असतो. हा विलंब जिवावर बेतू शकतो.

यकृतात दररोज सुमारे अर्धा ते एक लिटर पित्त तयार होते. पित्तवाहिनी ग्रहणीत जेथे उघडते, तेथे ओडीचा स्नायू असतो. त्याच्या आकुंचनामुळे वाहिनीतील दाब ग्रहणीतील दाबापेक्षा अधिक राहतो. पित्ताशयाच्या कापलेल्या नलिकेवरील क्लिप सैल झाली, की पित्त या अडथळ्याकडे न जाता उदरपोकळीत उतरते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या परिसरातील शेतकऱ्यास हे तत्त्व सांगावे लागणार नाही : कालवा फुटला असता नुसती माती लोटून भागत नाही, आधी पाण्याची पातळी उतरवावी लागते.

ईआरसीपी या तंत्राने नेमके हेच साधते. १९६८ मध्ये प्रथम वर्णिलेले हे तंत्र आरंभी केवळ निदानाचे होते. १९७४ मध्ये जर्मनी व जपान येथे स्नायूछेद करण्यात आल्यावर ते उपचाराचे साधन झाले. तोंडावाटे ग्रहणीपर्यंत नेलेल्या दुर्बिणीतून वाहिनीत रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांखाली गळतीची जागा पाहतात व प्लास्टिकचा स्टेंट बसवतात. छिद्र बुजवले जात नाही. दाब उतरल्यामुळे ते आपोआप भरून येते. पोटात आधीच साचलेले पित्त मात्र सोनोग्राफीच्या आधारे त्वचेतून नळी घालून काढावे लागते. मुख्य वाहिनी पूर्ण कापली गेली असल्यास स्टेंट पुढे जाऊच शकत नाही. अशा वेळी यकृतवाहिनी आतड्यास जोडण्याची शस्त्रक्रिया अनुभवी केंद्रातच व्हावी.

स्वादुपिंडाची गळती अधिक अवघड असते, कारण तिच्यातील पाचकरस सक्रिय झाल्यास आसपासच्या ऊती व रक्तवाहिन्या पोखरतो. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी वा पुढे निचरा-नळीतील द्रवात अमायलेजचे प्रमाण रक्तातील कमाल सामान्य मर्यादेच्या तिपटीहून अधिक असल्यास गळती मानतात. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय सुधारणेनुसार लक्षणे वा उपचारात बदल नसल्यास तीस केवळ 'जैवरासायनिक गळती' म्हटले जाते. साठा जठराला लागून असल्यास एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडच्या साहाय्याने जठराच्या भिंतीतूनच त्याला वाट करून देतात.

ईआरसीपीमुळे स्वादुपिंडदाह होऊ शकतो, हा धोका रुग्णास आधी सांगणे आवश्यक आहे. दुसरी बाब साधी, पण सहज विसरली जाणारी. पित्तवाहिनीतील स्टेंट साधारणतः ४ ते ६ आठवड्यांनी काढावा लागतो. वेदना थांबली, कापूस वेचणीला आला, की पुन्हा शहरात जाणे लांबणीवर पडते. महिनोन्महिने राहिलेला स्टेंट तुंबतो आणि वाहिनीत जंतुसंसर्ग होतो. म्हणून घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदावर स्टेंट काढण्याची तारीख मराठीत व ठळक अक्षरांत लिहिलेली असावी.