आठ आठवड्यांचा पाहुणा

भाकरी तोंडांत धरून पळणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणाऱ्या नामदेवांची कथा मराठी घरांत आजहि मुलांना सांगितली जाते. कोल्हापूरच्या माणसाला याहून जवळचा दाखला हवा असेल, तर नृसिंहवाडी फार दूर नाहीं. दत्तमहाराजांच्या तसबिरींत पायांशीं चार श्वान असतातच. कुत्र्याला घांस घालणें हें पुण्यकर्म आहे, हें या मुलखांत कोणास पटवून द्यावें लागत नाहीं. परंतु घांस घालणें आणि सांभाळ करणें यांत मोठें अंतर आहे. घांस घालणारा हात धुऊन घरांत जातो. सांभाळ करणाराला रात्रीं दोन वाजतां उठावें लागतें.

भूतदयेचें काम करणाऱ्या संस्थांतून अलीकडे तात्पुरत्या सांभाळाची पद्धत रूढ होत आहे. स्वयंसेवक मंडळी तिला इंग्रजी शब्दानेंच 'फॉस्टर करणें' म्हणतात. तिचें स्वरूप साधें आहे. कुत्रें संस्थेचेंच राहतें. औषधोपचार, लसी आणि पुढें कायमचें घर शोधणें ही जबाबदारी संस्थेची. कुटुंबाकडून उसनें घेतलें जातें तें फक्त छप्पर, एखाद्या खोलीचा कोपरा आणि कांहीं आठवड्यांची सवड. खर्च कोणी करावयाचा, आजारपणांत कोणत्या वैद्याकडे जावयाचें, आणि मुख्य म्हणजे पिलूं केव्हां परत द्यावयाचें, हें आरंभींच ठरवून घेणें बरें. दयेच्या भरांत या गोष्टी राहून जातात आणि मग चांगल्या माणसांत निष्कारण वितुष्ट येतें.

संस्थेपाशीं जागा असतांना घरांची गरज कां पडावी, असा प्रश्न सहज येतो. त्याचें उत्तर आश्रयस्थानांच्या इतिहासांतच आहे. १८३२ च्या जून महिन्यांत मुंबईंत मोकाट कुत्रीं मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर आला आणि कोटभागांतील व्यवहार थांबला. त्या दंगलीनंतर १८३४ सालीं जमशेटजी जिजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानें मुंबईचें पांजरपोळ उभें राहिलें. मारण्यापेक्षां सांभाळावें, हा विचार तेथें दगडाविटांत उतरला. पुढें १८६० सालीं लंडन शहरांत मेरी टील्बी या बाईंनीं हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठीं जें घर काढलें, त्याच्या नांवांतच 'तात्पुरतें' असा शब्द होता. तेंच पुढें १८७१ सालीं बॅटरसी येथें हलविलें गेलें. तात्पुरतें म्हणून काढलेल्या जागेंत प्राणी येतच राहतात, जाणारे थोडे असतात, आणि जागा भरून जाते. गर्दी झाली कीं रोग आलाच. मोठ्या कुत्र्याला ही गर्दी कशीबशी सोसते. पिलाला सोसत नाहीं.

रस्त्यावरील पिलांची स्थिति तर याहून कठीण. कलकत्त्याजवळच्या एका विज्ञानसंस्थेंतील संशोधकांनीं पश्चिम बंगालमध्यें ९५ वेतांतील ३६४ पिलांवर नजर ठेवून २०१६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. वयांत येईपर्यंत जगलीं तीं शेंकडा १९. आणि मेलेल्यांपैकीं शेंकडा ६३ पिलांच्या मृत्यूला कोणत्या ना कोणत्या रीतीनें माणूस कारण होता. आंकडे बंगालचे आहेत. पण कोल्हापुरांत हिंवाळ्याच्या तोंडाला, उसाच्या ट्रॉल्यांनीं रस्ते भरलेले असतां, कडेच्या खड्ड्यांतून वळवळणारीं पिलें ज्यानें पाहिलीं आहेत, त्याला ते परके वाटणार नाहींत.

तरीहि सांभाळ करूं इच्छिणाऱ्यानें शिकावयाची पहिली गोष्ट म्हणजे पिलूं न उचलणें. आडोशाला पिलें एकटीं दिसलीं म्हणजे तीं पोरकींच असतात असें नाहीं. आई अन्नाच्या शोधांत गेलेली असते आणि माणसाची वर्दळ पाहून ती दूरच थांबते. कांहीं तास लांबून पाहावें. पिलें एकमेकांना बिलगून शांत निजलीं असतील, पोटें भरलेलीं असतील, तर आई आहे. कनवाळू मुलांनीं खोक्यांत घालून आणून दिलेलीं कितीतरी पिलें वस्तुतः अशीं आईपासून तोडलेलीं असतात, आणि आईच्या दुधाची बरोबरी कोणत्याहि डब्यांतल्या भुकटीला साधत नाहीं. आई सांपडल्यास तिला पिलांसह एखाद्या घरच्या परड्यांत आश्रय देणें, हा सर्वांत उत्तम सांभाळ होय.

आई नाहींच अशी खात्री झाली, म्हणजे खरें काम सुरू होतें. आलेलें पिलूं भुकेलेलें दिसतें म्हणून लगेच दूध पाजण्याची घाई होते. ही घाई प्राणघातक ठरूं शकते. गारठलेल्या पिलाचें आंतडें काम करीत नाहीं; आधीं ऊब, मग दूध. पहिल्या आठवड्यांत पिलाला स्वतःच्या अंगाची उष्णता राखतां येत नाहीं, म्हणून त्याच्या भोंवतालची हवा सुमारें २९ ते ३२ अंश सेल्सिअस असावी लागते. त्यासाठीं मोठें उपकरण नको. कोल्हापूरकडे जिला बुट्टी म्हणतात तशी खोल टोपली, तळाशीं जुन्या लुगड्याच्या घड्या, एका बाजूला फडक्यांत गुंडाळलेली गरम पाण्याची रबरी पिशवी, एवढें पुरतें. मात्र दुसरी बाजू मोकळी ठेवावी; फार गरम झालें तर पिलाला सरकण्यास जागा हवी.

दुधाविषयीं घरोघर एक समजूत आहे कीं गाईचें दूध पाणी घालून पातळ करावें म्हणजे पिलाला पचतें. खरी गोष्ट उलट आहे. कुत्रीच्या दुधांत गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक प्रथिनें आणि स्निग्धांश असतात, व दुग्धशर्करा कमी असते. पाणी घातलेल्या दुधावर पिलाचें पोट फुगतें, अंग भरत नाहीं आणि हगवण लागते. पिलांसाठींच बनविलेली भुकटी वैद्याच्या सल्ल्यानें वापरावी. पहिल्या आठवड्यांत दर दोन-तीन तासांनीं, रात्रींसुद्धां, पाजावें लागतें. आणि पाजतांना पिलूं पोटावर असावें. तान्ह्या मुलासारखें उताणें धरून पाजलें, तर दूध फुप्फुसांत जातें. पाजून झालें कीं ओल्या कोमट कापसानें पोटाखालचा भाग हळूच पुसावा लागतो, कारण सुमारें तीन आठवड्यांपर्यंत पिलाला आपण होऊन शौच व लघवी करतां येत नाहीं. आई हें काम जिभेनें करीत असते. स्वयंपाकघरांतील काट्यावर रोज एकाच वेळीं वजन करून मांडून ठेवावें. वजन थांबलें, तर पिलूं कितीहि खेळकर दिसो, वैद्याकडे जावें.

चौथ्या आठवड्यापासून मऊ अन्न सुरू होतें आणि रात्रीची झोंप परत मिळते. येथें कोल्हापुरी आदरातिथ्याला थोडा आवर घालणें भाग आहे. पाहुण्याला तांबडा-पांढरा रस्सा वाढल्यावांचून ज्यांना चैन पडत नाहीं, त्यांनीं हा एक पाहुणा वगळावा; कांदा व लसूण कुत्र्याच्या रक्ताला अपायकारक असतात, आणि शिजलेलें हाड फुटून आंतडें फाडतें. बिनमसाल्याचें शिजविलेलें मांस आणि भात त्याला पुष्कळ होतो.

रोगांत सर्वांत भय 'पार्व्हो'चें. हा विषाणु १९७८ च्या सुमारास प्रथम ओळखला गेला. उलट्या आणि रक्ती हगवण यांनीं तो लहान पिलूं दोन-तीन दिवसांत नेतो. तो जमिनींत महिनोन् महिने टिकतो; घरोघरचें फिनेल त्याला मारीत नाहीं, त्यासाठीं फरशी धुऊन वर ब्लीचिंगचें द्रावण फिरवावें लागतें. म्हणून नवें पिलूं घरच्या कुत्र्यापासून निदान १४ दिवस वेगळें ठेवावें, आणि ज्या घरांत मागें असें पिलूं दगावलें आहे, तें घर कितीहि प्रेमळ असलें तरी पुढील कांहीं महिने नवें पिलूं मागूं नये. सहाव्या ते आठव्या आठवड्यांत पहिली लस, नंतर तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें पुढच्या. जंताचें औषध मात्र दुसऱ्या आठवड्यापासूनच, कारण जंत आईच्या पोटांतूनच येतात. ते मुलांनाहि बाधतात, तेव्हां पिलाला खेळवून मुलें हात धुवल्याशिवाय पानावर बसणार नाहींत, एवढी शिस्त घरांत हवी.

पिसाळण्याच्या रोगाची लस पिलाला तीन महिन्यांचें होईपर्यंत सामान्यतः दिली जात नाहीं. याचा अर्थ असा कीं सांभाळाच्या बहुतेक काळांत तें पिलूं या रोगापुरतें असंरक्षितच असतें. 'पिलाचाच दांत लागला, त्यांत काय' हें वाक्य पुष्कळ घरांत ऐकूं येतें, आणि तें अत्यंत धोक्याचें आहे. हा रोग पिलांनाहि होतो आणि लक्षणें दिसूं लागल्यावर माणूस वांचत नाहीं म्हटलें तरी चालेल. जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें १५ मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. दंडांत लस घेणाराला ती ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशीं घ्यावी लागते. सांभाळाचें काम वरचेवर करणारांनीं वैद्याच्या सल्ल्यानें आगाऊ लस घेऊन ठेवणें शहाणपणाचें.

एवढी दगदग करून घर पिलाला असें काय देतें, जें स्वच्छ आणि सुसज्ज आश्रयस्थान देऊं शकत नाहीं? स्कॉट आणि फुलर या अमेरिकन संशोधकांनीं वर्षानुवर्षें पिलें वाढवून १९६५ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत दाखविलें कीं सुमारें तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांत पिलूं ज्यांच्याशीं परिचित होतें, त्यांना तें जन्मभर आपले मानतें. या अवधींत माणसाचा सहवास न लाभलेलें पिलूं पुढें भित्रें राहतें, आणि भित्रें कुत्रेंच बहुधा चावतें. पिंजऱ्यांत वाढलेल्या पिलानें कुकरची शिटी ऐकलेली नसते, जिना पाहिलेला नसतो, काठी टेकीत येणारे आजोबा पाहिलेले नसतात. घरांत हें सारें फुकट मिळतें. लसी पुऱ्या झालेल्या नसल्यामुळें रस्त्यावर सोडतां येत नाहीं हें खरें. पण बुट्टींत घालून रंकाळ्यावरून एक फेरी मारतां येते, गल्लींतून जाणारी हलगी गॅलरींतून ऐकवितां येते. दत्तक घेण्यास आलेल्या माणसाकडे जें पिलूं शेपूट हालवीत येतें, त्याला घर मिळतें. कोपऱ्यांत दडलेलें मागें राहतें.

वाढलेल्या कुत्र्यांनाहि असा आसरा लागतो: शस्त्रक्रियेनंतर, अपघातानंतर, कधीं सबंध शहरावर संकट आलें म्हणजे. २०१९ च्या ऑगस्टमध्यें आणि २०२१ च्या जुलैमध्यें पंचगंगेनें राजाराम बंधाऱ्यापाशीं ४३ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागें टाकली. अशा वेळीं माणसें आप्तांकडे अथवा छावणींत जातात. कुत्र्याला तेथें जागा असतेच असें नाहीं. उंचावरच्या पेठेंतील एखाद्या कुटुंबानें तीन आठवडे एक कुत्रा ठेवून घेतला, तर तें काम लहान नव्हे. २०२५ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळें मोकाट कुत्र्यांना कोठें ठेवावें हा वाद देशभर पेटला, तेव्हां निवाऱ्यांच्या जागेची चणचण सर्वांच्याच लक्षांत आली.

अवघड भाग शेवटीं येतो. आठ-दहा आठवड्यांत पिलूं हांक ओळखूं लागतें, आजीच्या पायांशीं निजूं लागतें, आणि नेमकें तेव्हांच त्याच्या कायमच्या घरचीं माणसें दारीं येतात. ठेवून घेण्याचा मोह होतो. पुष्कळ घरें ठेवूनहि घेतात, आणि त्यांत दोष नाहीं. फक्त त्या घरची जागा भरली, पुढच्या बुट्टीला आतां दुसरें दार शोधावें लागणार, हा हिशेब संस्थेच्या वहींत होतो. मुलांना पहिल्या दिवसापासून 'हा पाहुणा आहे' असें सांगितलेलें असलें तरी तीं रडतात. कांहीं घरांत मोठीं माणसेंहि देवघराकडे तोंड करून उभीं राहतात. निरोप देतांना पिलाबरोबर लसींच्या तारखा, रोजच्या वजनाचा कागद, त्याच्या आवडीनिवडीचे दोन शब्द आणि बुट्टींतल्या लुगड्याचा न धुतलेला एक तुकडा द्यावा. नव्या घरच्या पहिल्या रात्रीं त्या वासावर तें झोंपतें. मग टोपली उन्हांत टाकून, फरशी धुऊन घ्यावयाची असते.