मृगाचा किडा काय खातो?

मृगाची पहिली सर पडून गेली की बांधावर लालभडक मखमली किडा चालताना दिसतो. लहानपणी आपण कितीतरी काडेपेटीत कोंडले असतील!

त्याचे पाय कधी मोजलेत का? आठ भरतात. किड्यांना सहा असतात, म्हणजे हा कोळी-गोचिडांच्या भावकीतला. अंडी मातीत. त्यातून निघणारं पिल्लू मात्र सहा पायांचं, तेही लाल. ते नाकतोड्यासारख्या किड्याच्या अंगाला चिकटतं आणि त्याच्या अंगातला रस पिऊन वाढतं. नाकतोड्याच्या पंखाशी तांबडे ठिपके दिसले, तर ती बहुधा हीच पिल्लं. पोट भरलं की गळून मातीत शिरतात, तिथे त्यांना आठ पाय येतात. पुढे खाणं बदलतं. मातीतली किड्यांची अंडी आणि बारीक किडे धरून खायचे.

वर्षभर तो जमिनीतच असतो. पावसानंतर थोडेच दिवस वर येतो, तेही जोडीदार शोधायला आणि खायला.

वांग्याच्या पानामागे जाळी करणारा लाल कोळी वेगळा, बरं का. तो टाचणीच्या टोकाएवढा असतो आणि पानाचा रस पितो. मृगाचा किडा पिकाला तोंड लावत नाही, आपल्यालाही चावत नाही.

काही भागांत औषधी तेलासाठी हे किडे वेचून, वाळवून विकतात. चार पैसे मिळतात, खरं आहे. पण वेचलेल्यात अंडी घालायची राहिलेल्या माद्याही जातात.

पोरांना हातावर घेऊन बघू द्या, पाय मोजू द्या. मग उचलला तिथेच सोडायला सांगा.