अठरा जानेवारीची पाळी

सकाळी 6.00
हैदराबादेत हुसेनसागराकाठी एनटीआर घाटावर फुलांचे ढीग. 1996 साली याच तारखेला आंध्र प्रदेशचे माजी मुख्यमंत्री एन. टी. रामाराव गेले. रक्तपेढीत काम करणाऱ्या ताईंना घाट दिसतो तो बसच्या खिडकीतूनच. तिकिटाला पैसे नाहीत; 2023च्या डिसेंबरपासून तेलंगणात बायकांना सिटी बस फुकट. पुढे ऑटोचे 20 रुपये.

7.30
रक्तदान शिबिराच्या खाटा मांडायच्या. वजनकाटा, रक्तदाबाचं यंत्र, कापूस, स्पिरिट. रिकाम्या पिशव्यांवर नंबर डकवायचे. ताई मूळच्या बीदरच्या, माझ्याशी मराठीत बोलतात, दात्यांशी तेलुगूत.

9.30
ताईंची रक्तपेढी ज्या एनटीआर ट्रस्टची, तो 1997 सालचा. व्यवस्थापकीय विश्वस्त नारा भुवनेश्वरी. रामारावांची लेक, तेलुगू देसमचे नेते चंद्राबाबू नायडू यांची पत्नी. राजकीय व्यासपीठावर त्या फारशा दिसत नसत. 2023 साली पतीच्या अटकेनंतर ‘निजम गेलवाली’, म्हणजे सत्य जिंकलं पाहिजे, म्हणत गावोगाव फिरल्या. त्या दौऱ्यानं त्या सगळ्यांना माहीत झाल्या. मला मात्र त्यांचं खरं काम या खाटांजवळच दिसतं.

11.00
रांग लांबली. बोटाला टोचून थेंब मोरचुदाच्या द्रावणात सोडायचा. बुडाला तर हिमोग्लोबिन पुरेसं. एक कॉलेजचा पोरगा 43 किलो भरला. किमान 45 लागतं.
“जेवत जा रे बाबा, मग ये,” ताई तेलुगूत म्हणाल्या. पोरगा खट्टू झाला.
शीर सापडली की सुई एकदाच. मूठ उघडायची, मिटायची. दहाएक मिनिटांत 350 मिलिलिटर. पिशवी सतत हलती ठेवायची, नाहीतर गुठळी. मग बिस्कीट, फळांचा रस, थोडं पडून राहणं. ताई वाकतात, उठतात, परत वाकतात.

2.00
डबा. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. पाठ भिंतीला टेकवून. पगार झाला की आधी लेकीची फी बाजूला, मग घरभाडं.

4.00
पिशव्या शीतपेटीतून पेढीत. सहा-आठ तासांच्या आत घटक वेगळे करायचे, म्हणून घाई. यंत्र गरगर फिरतं. खाली लाल पेशी, वर पिवळसर प्लाझ्मा.

6.30
एचआयव्ही, बी आणि सी या दोन्ही काविळी, गरमी, मलेरिया. पाचही तपासण्या झाल्याशिवाय एक पिशवी बाहेर जात नाही. थॅलेसेमियाच्या मुलांना दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच. नियमानं त्यांच्याकडून पैसे घ्यायचे नसतात. फ्रीज उघडताना ताईंना आधी ती मुलं आठवतात.

8.00
हात धुऊन ताई निघाल्या. लाल पेशी महिनाभर तरी टिकतील. प्लेटलेट्स हलत्या तबकात, 22 अंशांवर, फक्त पाच दिवस. 23 जानेवारीपर्यंत.