स्थूल बांध्याच्या वधूचे छायाचित्रण : देहविन्यासाची तंत्रे आणि त्यांमागील तत्त्वे

बीजसंज्ञा : विवाह छायाचित्रण, देहविन्यास, यथार्थदर्शन, प्रकाशयोजना, देहप्रतिमा.

प्रस्तावना :
विवाहसमारंभ एक-दोन दिवसांत पार पडतो. त्याची छायाचित्रे मात्र पुढील पिढ्यांपर्यंत घरात राहतात. महाराष्ट्रीय कुटुंबांत ‘भरल्या अंगाची’ हा शब्दप्रयोग एकेकाळी कौतुकाने केला जात असे. आज त्याच बांध्याची वधू स्वतःच्या लग्नाचा अल्बम उघडण्यास कचरते, असेही घडते. आपण प्रत्यक्षात इतक्या स्थूल आहोत काय, हा तिच्या मनातील प्रश्न असतो. या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा तिच्या देहात नसून कॅमेऱ्याचे स्थान, प्रकाशाची दिशा आणि उभे राहण्याची पद्धत यांत असते. देहविन्यासाचे, म्हणजेच ‘पोझ’चे, तंत्र हे देह लपविण्याचे साधन नसून कॅमेऱ्याने निर्माण केलेली विकृती दूर करण्याचे साधन आहे, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. अंतर आणि भिंग :
मानवी दृष्टी दोन डोळ्यांनी खोलीचा अंदाज घेते. कॅमेऱ्याला एकच डोळा असतो. त्यामुळे जे जवळ ते मोठे, हा यथार्थदर्शनाचा नियम छायाचित्रात अधिक जाणवतो. उदाहरणार्थ, खुर्चीवर बसलेल्या वधूचे गुडघे तिच्या चेहऱ्यापेक्षा सुमारे ५० सें.मी. पुढे आहेत असे मानू. चेहऱ्यापासून कॅमेरा १.५ मीटरवर असल्यास गुडघे चेहऱ्याच्या तुलनेत दीडपट मोठे उमटतात. तेच अंतर ४ मीटर केल्यास ही वाढ सुमारे १४ टक्क्यांवर येते. म्हणजेच ही विकृती मूलतः अंतरामुळे निर्माण होते. रुंदकोनी भिंगाचा दोष एवढाच की, ते छायाचित्रकाराला जवळ जाण्यास भाग पाडते. पूर्ण आकाराच्या संवेदकाच्या कॅमेऱ्यावर ८५ मि.मी.च्या आसपासचे भिंग वापरल्यास त्याला आपोआप मागे सरकावे लागते. समूहचित्रात रुंदकोनी भिंग चौकटीच्या कडेच्या आकृती आडव्या ताणते. म्हणून वधूला मध्यभागी उभे करणे श्रेयस्कर ठरते.

२. कॅमेऱ्याची उंची :
मंगल कार्यालयात वधू-वर व्यासपीठावर आणि छायाचित्रकार खाली, अशी रचना सर्रास आढळते. खालून घेतलेल्या चित्रात कंबर व हनुवटीचा खालचा भाग कॅमेऱ्याला जवळ पडतो, तर चेहरा दूर जातो. छायाचित्रकाराने व्यासपीठावर जाऊन कॅमेरा वधूच्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा किंचित वर धरल्यास हा दोष नाहीसा होतो. मात्र फार उंचावरून घेतलेल्या चित्रात मस्तक मोठे व देह आखूड दिसतो. म्हणून येथेही प्रमाण राखणे आवश्यक आहे.

३. उभ्या वधूचा देहविन्यास :
खांदे व कंबर कॅमेऱ्याला समांतर ठेवून उभे राहिल्यास देहाची सर्वाधिक रुंदी चित्रात येते. सुमारे ४५ अंशांत वळून, वजन मागील पायावर घेऊन पुढील गुडघा सैल सोडल्यास देहाला वळणदार रेषा लाभते. भारतीय कलेला हे तत्त्व नवे नाही. अजिंठ्याच्या लेणे क्रमांक १ मधील पद्मपाणि बोधिसत्त्वाच्या चित्रातील त्रिभंग याच तत्त्वावर आधारलेला आहे.

दंड अंगाला चिकटून राहिल्यास तो दबून पसरट दिसतो. कोपर थोडे दूर ठेवल्याने हात आणि कंबर यांच्यामध्ये मोकळी जागा दिसते व कंबरेची स्वाभाविक रेषा स्पष्ट होते. शालूचा पदर सावरणे किंवा हिरव्या चुड्यावरून हात फिरविणे अशा ओळखीच्या कृतींतून हे सहज साधते. चेहऱ्यासाठी मान किंचित पुढे आणून हनुवटी अल्प प्रमाणात खाली घेणे उपयुक्त ठरते. हनुवटी मागे ओढल्यास गळ्याशी वळ्या पडतात.

४. बसलेली वधू आणि विधी :
व्यासपीठावरील सोफ्यात मागे रेलून बसल्यास देह मध्यभागी दबतो. आसनाच्या पुढील कडेवर ताठ बसून गुडघे एका बाजूस वळविणे हा त्यावरील सोपा उपाय होय. कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी या विधींत मात्र वधूस ‘पोझ’ देण्यास सांगणे औचित्याला धरून नाही. तेथे छायाचित्रकारानेच आपली जागा बदलावी. वधू पाटावर असताना समोर उभे राहण्याऐवजी तिरप्या बाजूस, अंतर राखून व खाली बसून चित्रण केल्यास विधीत व्यत्यय न येता अपेक्षित परिणाम साधतो.

५. प्रकाशयोजना :
कॅमेऱ्यावरील फ्लॅशचा थेट समोरून पडणारा प्रकाश छाया पुसून टाकतो आणि चेहरा सपाट व रुंद भासवतो. चेहरा थोडा वळलेला असताना कॅमेऱ्यापासून दूर असलेली बाजू उजळ आणि जवळची बाजू सौम्य छायेत ठेवल्यास चेहऱ्याची ठेवण उठून दिसते. वधूच्या खोलीतील खिडकीचा प्रकाशही यासाठी पुरेसा असतो.

६. भाषा आणि संमती :
ही सर्व तंत्रे शब्दांतून वधूपर्यंत पोहोचतात. ‘पोट आत घ्या’, ‘जाड दिसाल’ अशा सूचना नातेवाइकांच्या देखत झाल्या की वधूचा चेहरा आक्रसतो आणि उत्तम प्रकाशयोजनाही व्यर्थ ठरते. तोच परिणाम ‘ताई, खांदा जरा खिडकीकडे वळवा’ या वाक्याने साधता येतो. सूचना देहाच्या उणिवेविषयी नसावी, कृतीविषयी असावी.

संगणकावर कंबर बारीक करण्याचा प्रश्नही याच संदर्भात पाहावा लागतो. अशा फेरफारात पार्श्वभूमीच्या सरळ रेषा वाकतात हा तांत्रिक दोष झाला. परंतु वधूला न विचारता तिचा देह बदलणे म्हणजे तिचा मूळ देह अमान्य करणे होय. म्हणून असा फेरफार तिच्या स्पष्ट संमतीविना केला जाऊ नये.

समारोप :
अंतर, उंची, देहाचा कोन, प्रकाश आणि भाषा या पाचही घटकांवर छायाचित्रकाराचे नियंत्रण असते. वधूच्या बांध्यावर त्या दिवशी कोणाचेही नसते. त्यामुळे चित्र बिघडल्यास त्याची जबाबदारी वधूच्या देहावर टाकणे तर्काला धरून होत नाही. ज्या महाविद्यालयांत छायाचित्रणाचे अभ्यासक्रम चालविले जातात, तेथे भिंग व प्रकाश यांच्या जोडीने या जबाबदारीचेही शिक्षण दिले जावे. अल्बम उघडल्यावर वधूला त्यात स्वतःचीच ओळख पटावी आणि ती पाहून आनंद व्हावा, हीच या तंत्रांच्या यशाची खरी कसोटी होय.